मरणाची जनुके आणि मधुमेहींचा पाय

नवी चप्पल चावते, अंगठ्याजवळ फोड येतो, फुटतो, खपली धरते आणि पंधरा-वीस दिवसांत त्याची आठवणही उरत नाही. दहा-बारा वर्षे मधुमेह असलेल्या माणसाच्या पायावर तोच फोड वेगळा वागू शकतो. तो फुटतो, पण खपली धरत नाही. कडा पांढुरक्या आणि टणक होतात, मधला भाग ओला राहतो, आठवडे सरून महिने लागतात. मग एक दिवस पाय सुजतो, जखमेला वास येऊ लागतो आणि डॉक्टर सांगतात, ‘बोट काढावं लागेल.’

असे का होते हे विचारले की चार कारणे सांगितली जातात. रक्तातली साखर वाढलेली असते, पाय बधिर झालेला असतो, पायाला रक्त कमी पोचते आणि जखमेत जंतू वाढतात. चारही कारणे खरी आहेत. पण जखमेच्या काठाचा छोटा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर या चारही कारणांना जोडणारी एक गोष्ट दिसते. जखम भरून काढण्यासाठी ज्या पेशींनी तिथे काम करायला हवे, त्यांतल्या बऱ्याच मरत असतात आणि मेलेल्या पेशी उचलल्या न जाता तिथेच पडून असतात. यांतल्या काही पेशी उपासमारीने आणि जंतूंच्या विषाने मरतात, पण पुष्कळशा मरतात त्या स्वतःच्याच जनुकांच्या आज्ञेने. ही आज्ञा कुठून येते, अवेळी का येते आणि ती मागे घेता येते का, हा या प्रकरणाचा विषय आहे.

हा प्रश्न फार माणसांचा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे. जगभरच्या अभ्यासांचा मेळ घातला तर मधुमेह असलेल्या दर शंभर माणसांपैकी १९ ते ३४ जणांना आयुष्यात कधी ना कधी पायाची जखम होते. ती भरली म्हणून निर्धास्त होता येत नाही, कारण सुमारे ४० टक्के लोकांना वर्षभरातच पुन्हा जखम होते.

मरण्याचीही रीत असते

पेशी मरण्याच्या दोन अगदी निराळ्या रीती आहेत. भाजले, ठेचले किंवा रक्त पोचायचे थांबले की पेशी फुगून फुटते, तिच्या आतला ऐवज आसपास सांडतो आणि तिथे दाह सुरू होतो. दुसऱ्या रीतीत पेशी आक्रसते, तिचा डीएनए ठरावीक अंतरांवर कापला जातो, तिचे लहान लहान पुडके होतात आणि शेजारच्या पेशी ते पुडके गिळून टाकतात. आजूबाजूला काही सांडत नाही. लग्न आटोपल्यावर मांडव पेटवून देणे आणि दोऱ्या सोडून, वासे मोजून तो उतरवणे यांत जेवढा फरक, तेवढा या दोन मरणांत आहे. १९७२ मध्ये जॉन केर, अँड्र्यू वायली आणि ॲलिस्टेअर करी या विकृतिशास्त्रज्ञांनी दुसऱ्या रीतीला ‘अपॉप्टोसिस’ असे नाव दिले. आपण तिला नियोजित मरण म्हणू.

नियोजित मरणाशिवाय शरीर घडतच नाही. गर्भात हातापायांची बोटे आधी एकमेकांना जोडलेली असतात. मधल्या पडद्यातल्या पेशी ठरल्या वेळी मरतात तेव्हा ती सुटी होतात. म्हणजे ज्या पायाबद्दल आपण बोलतो आहोत, त्याला पाच वेगळी बोटे मिळाली तीही पेशींच्या मरणामुळेच.

या मरणामागे जनुके आहेत, याचा पुरावा जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या एका कृमीने दिला. सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स हे त्याचे नाव. केंब्रिजमध्ये सिडनी ब्रेनर यांनी तो संशोधनासाठी निवडला आणि त्यांचे सहकारी जॉन सल्स्टन यांनी त्याच्या एकेका पेशीची वंशावळ लिहून काढायला घेतली. या कृमीची वाढ होताना शरीराच्या १०९० पेशी तयार होतात आणि त्यांतल्या १३१ मरतात. प्रत्येक कृमीत त्याच १३१, त्याच वेळी. इतकी शिस्त योगायोगाने येत नाही. पुढे अमेरिकेत रॉबर्ट हॉर्विट्झ यांनी त्यामागची जनुके शोधली. सेड-३ आणि सेड-४ ही दोन जनुके मरण घडवून आणतात, सेड-९ ते रोखून धरते. सेड-३ बिघडवले की मरायच्या पेशी जगतात. या कामासाठी तिघांना २००२ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

कृमीतली ही व्यवस्था माणसातही आहे, हे १९९० च्या दशकात स्पष्ट झाले. सेड-३ चे मानवी भाऊबंद म्हणजे कॅस्पेज नावाची विकरे. ही विकरे पेशीतली प्रथिने नेमक्या जागी कापतात. सेड-९ चा मानवी भाऊ बीसीएल-२. ते एका रक्ताच्या कर्करोगात आधीच सापडले होते आणि ते पेशीला मरू देत नाही, हे १९८८ मध्ये मेलबर्नमध्ये डेव्हिड व्हॉक्स यांनी दाखवले होते. आपल्या पेशीत बीसीएल-२ सारखी तारक प्रथिने आणि बॅक्ससारखी मारक प्रथिने यांचा तोल सतत सांभाळला जातो. मारक बाजू जड झाली की पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाच्या आवरणाला छिद्रे पडतात, सायटोक्रोम-सी हे प्रथिन बाहेर येते आणि कॅस्पेज एकामागून एक जागी होतात. हा झाला आतून येणारा हुकूम. तो बाहेरूनही येतो. टीएनएफ नावाचा दाहकारक रेणू पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राहीला चिकटला, तर दुसऱ्या वाटेने त्याच कॅस्पेजपर्यंत आज्ञा पोचू शकते.

चांगल्या भरणाऱ्या जखमेत हे मरण क्रमाने घडते. पहिल्या काही तासांत न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी येतात, जंतू मारतात आणि काम संपले की स्वतः मरतात. मागून आलेल्या महाभक्षी पेशी त्यांना गिळतात. हे गिळणे नुसती साफसफाई नसते. मेलेली पेशी पोटात गेली की महाभक्षी पेशीची वागणूक बदलते, ती दाह वाढवणे थांबवून दुरुस्तीला मदत करणारे रेणू सोडू लागते. मग फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी येऊन कोलॅजेन विणतात, वरून त्वचेच्या पेशी सरकत येऊन जखम झाकतात आणि शेवटी जास्तीचे फायब्रोब्लास्टही मरून जातात. कुणी कधी मरायचे हे ठरलेले असते, म्हणून जखम भरते. मधुमेहात हा क्रम मोडतो. तो मोडण्याची सुरुवात जखम होण्याच्या कितीतरी आधी, मज्जातंतूत झालेली असते.

आधी जाते ती संवेदना

रक्तातली साखर वाढली तरी स्नायूंच्या पेशी इन्शुलिनच्या हुकमाशिवाय ती फारशी आत घेत नाहीत. मज्जातंतूंच्या आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशींना मात्र हा प्रवाह रोखता येत नाही. बाहेर साखर वाढली की आतही वाढते. अमेरिकी शास्त्रज्ञ मायकेल ब्राउनली यांनी २००१ मध्ये या नुकसानीचा एकत्रित खुलासा मांडला. जास्तीची साखर जाळताना मायटोकॉन्ड्रियातून सुपरऑक्साइड हा विध्वंसक रेणू बाहेर पडतो आणि पेशीची हानी करणाऱ्या वेगवेगळ्या वाटा त्याच्यामुळे एकदम उघडतात. दुसरीकडे साखर प्रथिनांना कायमची चिकटते. असली साखर चिकटलेली प्रथिने पेशीवरच्या एका खास ग्राहीला जाऊन भिडतात आणि दाहाची जनुके जागी करतात.

पायापर्यंत जाणारे मज्जातंतू शरीरात सर्वांत लांब आहेत. कमरेजवळच्या पेशीपासून अंगठ्यापर्यंत एकाच पेशीचा धागा सुमारे मीटरभर जातो. एवढ्या लांबीला ऊर्जा पुरवायची तर थोडीही तूट चालत नाही. म्हणून मधुमेहातला बधिरपणा बोटांच्या टोकांपासून सुरू होतो आणि वर चढतो.

मज्जातंतूचा धागा मरतो तो कसा, याची गोष्ट जनुकशास्त्राने अलीकडेच उलगडली. १८५० मध्ये ऑगस्टस वॉलर यांनी बेडकाचे मज्जातंतू कापून पाहिले, तेव्हा कापलेल्या जागेच्या पुढचा भाग विघटित झालेला दिसला. पोषण थांबले म्हणून तो आपोआप मेला, असे मग दीर्घकाळ मानले गेले. २०१२ मध्ये फळमाश्या आणि उंदरांवरच्या प्रयोगांनी ही समजूत मोडली. सार्म-१ हे जनुक काढून टाकले तर कापलेला धागाही दीर्घकाळ शाबूत राहतो. धाग्यातच त्याच्या नाशाची यंत्रणा ठेवलेली असते आणि सार्म-१ ती चालवते. हे प्रथिन एक विकर आहे, हे २०१७ मध्ये सेंट लुइसच्या संशोधकांनी सिद्ध केले. पेशीला ऊर्जेच्या व्यवहारासाठी लागणारा एनएडी हा रेणू ते झपाट्याने नष्ट करते आणि धागा आतून कोसळतो. मधुमेही उंदरांत सार्म-१ नसेल तर मज्जातंतूंची हानी कमी होते, हे २०१९ मध्ये दिसून आले.

माणसाच्या पायावर याचा परिणाम साधा आणि भयंकर आहे. चपलेत खडा राहिला तरी कळत नाही. चप्पल पायातून निसटली तरी कळत नाही. गरम पाण्याने पाय भाजतो, तेही फोड दिसल्यावरच समजते. दुखणे ही शरीराने दिलेली सूचना आहे आणि इथे ती सूचना देणारा धागाच मेलेला असतो. माणूस त्याच जागेवर रोज हजारो पावले दाब देत राहतो आणि खालच्या पेशी दाबाने मरत राहतात.

दुरुस्तीला आलेल्यांचे मरण

आता जखम झाली आहे. दुरुस्तीचे सर्वांत मोठे काम फायब्रोब्लास्टचे, आणि मधुमेही जखमेत त्यांचेच मरण वाढलेले असते. अमेरिकेत डॅना ग्रेव्ह्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या दशकात मधुमेही उंदरांच्या जखमा तपासल्या. त्यांत नियोजित मरणाच्या जनुकांचे कामकाज वाढलेले होते, कॅस्पेजही जास्त जागी होती. मग त्यांनी कॅस्पेज रोखणारे औषध दिले, तेव्हा जखमा अधिक चांगल्या भरल्या. मरण हे इथे जखम न भरण्याचा केवळ परिणाम नव्हते, ते तिचे एक कारण होते.

हे मरण घडवणाऱ्यांत टीएनएफचा वाटा मोठा असतो. साधारण जखमेत टीएनएफ काही दिवस वाढतो आणि ओसरतो. मधुमेही जखमेत तो ओसरतच नाही आणि त्याच्या सततच्या माऱ्याने फायब्रोब्लास्टमध्ये मरणाची आज्ञा सुटत राहते.

ग्रेव्ह्ज यांच्याच गटाने फॉक्सओ-१ या जनुकाचे जे दाखवले, ते या सगळ्या विषयाचा गाभा आहे असे मला वाटते. फॉक्सओ-१ हे इतर जनुकांना कामाला लावणारे जनुक आहे. निरोगी त्वचेत जखम झाली की त्याचे प्रथिन त्वचेच्या पेशींत वाढीचा एक महत्त्वाचा घटक तयार करवते, सुपरऑक्साइडसारख्या रेणूंपासून पेशीचे रक्षण करते आणि पेशी जखमेवर सरकू लागतात. साखर खूप असलेल्या वातावरणात तेच प्रथिन, त्याच पेशीत, दुसऱ्याच जनुकांवर जाऊन बसते आणि पेशींचे सरकणे अडते. जनुकाचे एक अक्षरही बदललेले नसते. भोवतालची परिस्थिती बदलल्याने त्याचे काम उलटलेले असते. निरोगी माणसात जे तारते, तेच मधुमेहात मारते.

जाळी, छिद्रे आणि न उचललेले मृत

नियोजित मरण ही पेशीच्या मरणाची एकमेव जनुकीय रीत नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आणखी काही रीती सापडल्या आणि मधुमेही पायात त्यांतल्या बऱ्याच एकदम चालू असतात.

पहिली न्यूट्रोफिलची. २००४ मध्ये बर्लिनच्या संशोधकांनी दाखवले की ही पेशी मरताना आपला डीएनए बाहेर फेकून त्याचे जाळे करते आणि त्यात जंतू अडकवते. संसर्गात हे उपयोगी पडते. पण २०१५ मध्ये बॉस्टनमध्ये डेनिसा वॅग्नर यांच्या गटाला आढळले की मधुमेह असलेल्यांच्या न्यूट्रोफिल अशी जाळी फेकायला उतावीळ असतात. जाळी टाकण्यासाठी लागणारे पॅड-४ हे विकर त्यांच्यात जास्त असते. ही जाळी जखमेत साचते आणि नव्या त्वचेच्या वाटेत येते. पॅड-४ चे जनुक नसलेल्या उंदरांच्या जखमा लवकर भरल्या. डीएनए विरघळवणारे विकर दिले तेव्हाही तसेच झाले.

दुसरी रीत स्फोटक आहे. पेशीत जंतू शिरल्याची खूण पटली की दाहाची एक यंत्रणा जुळून येते आणि गॅसडर्मिन-डी हे प्रथिन कापले जाते. त्याचे तुकडे पेशीच्या आवरणात छिद्रे पाडतात, पेशी फुटते आणि दाहाचे रेणू बाहेर पडतात. मायामीच्या संशोधकांनी २०२१ मध्ये मधुमेही पायाच्या जखमांतल्या पेशींत स्टॅफिलोकॉकस ऑरिअस हा जंतू आत दडलेला दाखवला आणि तिथे या स्फोटक मरणाच्या खुणाही दाखवल्या. जंतू पेशीच्या आत असला की वरून लावलेली मलमे आणि काही प्रतिजैविके त्याच्यापर्यंत नीट पोचत नाहीत. जखम वरून स्वच्छ दिसते आणि आत दाह चालूच राहतो.

तिसरी रीत लोहाशी निगडित आहे. स्कॉट डिक्सन आणि ब्रेंट स्टॉकवेल यांनी २०१२ मध्ये तिचे वर्णन केले. पेशीतल्या लोहामुळे तिच्या आवरणातल्या स्निग्ध पदार्थांचे ऑक्सिडीकरण होते, जणू पेशीचे आवरण खवट होते, आणि पेशी मरते. जीपीएक्स-४ हे जनुक त्यापासून पेशीचे रक्षण करते. जास्त साखरेमुळे ऑक्सिडीकरणाचा ताण वाढला की हे संरक्षण अपुरे पडते.

इतके मरण झाल्यावर मेलेल्यांना उचलण्याचे काम राहते आणि तेही मधुमेहात बिघडलेले असते. २०१० मध्ये ओहायोतल्या चंदन सेन यांच्या गटाने मधुमेही उंदरांच्या महाभक्षी पेशी तपासल्या, तेव्हा मृत पेशी गिळण्याची त्यांची क्षमता कमी झालेली होती. त्याच प्रयोगशाळेने पुढे एमएफजी-ई८ या प्रथिनाकडे लक्ष वेधले. हे प्रथिन मरणाऱ्या पेशीला एका बाजूने आणि महाभक्षी पेशीला दुसऱ्या बाजूने धरते, म्हणून गिळणे शक्य होते. मधुमेहात त्यालाच साखर चिकटते आणि ते निकामी होते. मग मृत पेशी पडून राहतात, काही काळाने फुटतात, त्यांतला ऐवज सांडतो, दाह वाढतो, टीएनएफ वाढतो आणि त्यामुळे आणखी फायब्रोब्लास्ट मरतात. मधुमेही पायाची जखम महिनोन्‌महिने का रेंगाळते, याचे उत्तर या चक्रात आहे.

जन्मतः मिळालेले आणि पुढे कोरले गेलेले

मग काहींना ही जखम होते आणि काहींना नाही, हे जन्मतः मिळालेल्या जनुकांनी ठरते का? शोध चालू आहे. स्कॉटलंडमधल्या मधुमेही रुग्णांच्या संपूर्ण जनुकसंचाच्या पाहणीत २०१७ मध्ये एमएपीके-१४ या जनुकाकडे बोट दाखवले गेले. पेशीवर ताण आल्याची वर्दी पुढे पोचवणारे, त्यामुळे दाह आणि मरण या दोन्हींशी नाते असलेले हे जनुक आहे. चेन्नईतल्या संशोधकांनी प्राणवायू कमी पडल्यावर जागे होणारे एचआयएफ-१ हे जनुक मधुमेही पायाच्या संदर्भात तपासले. नव्या रक्तवाहिन्या घडवणारे व्हीईजीएफ हे जनुकही अनेक देशांत तपासले गेले. पण अशा प्रत्येक फरकाचा वाटा लहान निघतो आणि एका लोकसमूहात सापडलेले दुसऱ्यात सापडेलच असे नसते. पायाला जखम होईल की नाही हे सांगणारी जनुकीय चाचणी आज नाही. तशी चाचणी कुणी विकत असेल तर ती घेऊ नये.

जनुके कोणती आहेत यापेक्षा कोणती चालू आहेत हा प्रश्न जास्त फलदायी ठरला आहे. बॉस्टनमध्ये अरिस्टिडिस व्हेव्हेस आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये मधुमेही पायाच्या जखमांतून, त्याच माणसांच्या हाताच्या त्वचेतून आणि रक्तातून १ लाख ७४ हजारांहून अधिक पेशी घेतल्या आणि एकेका पेशीत कोणती जनुके चालू आहेत ते वाचले. ज्यांच्या जखमा पुढे भरल्या, त्यांच्यात फायब्रोब्लास्टचा एक खास गट सापडला. दाहाची, जुने ऊतक कापून वाट मोकळी करण्याची आणि कमी प्राणवायूत तगून राहण्याची जनुके त्या गटात जोरात चालू होती. भरणाऱ्या जखमांत दाह करणाऱ्या महाभक्षी पेशीही जास्त होत्या. जखमेतला दाह म्हणजे केवळ शत्रू असे मानणाऱ्यांना हा निष्कर्ष विचार करायला लावणारा आहे. दाहाने वेळेवर यावे, काम करावे आणि वेळेवर जावे. मधुमेही पायात तो वेळेवर येत नाही आणि आला की जात नाही.

दुसरी महत्त्वाची बाब पेशींच्या स्मरणाची. अमेरिका आणि कॅनडात १९८३ ते १९९३ या काळात १४४१ जणांवर एक मोठा अभ्यास झाला. हे सर्व पहिल्या प्रकारच्या मधुमेहाचे रुग्ण होते. त्यांतल्या एका गटाची साखर काटेकोर ठेवली गेली, दुसऱ्याला त्या काळातले नेहमीचे उपचार मिळाले. सरासरी साडेसहा वर्षांत काटेकोर गटात मज्जातंतूंची हानी ६० टक्क्यांनी कमी झाली. अभ्यास संपल्यावर दोन्ही गटांची साखर जवळपास सारखी झाली, तरी पूर्वी साखर वाढलेली असणाऱ्यांत उपद्रव पुढेही जास्तच राहिले. याचे एक कारण २०१६ मध्ये पुढे आले. डीएनएवर मिथाइल गट नावाच्या रासायनिक खुणा असतात, त्यांवर जनुक किती चालू राहील हे अवलंबून असते. टीएक्सएनआयपी हे जनुक ऑक्सिडीकरणाचा ताण वाढवते आणि पेशीला मरणाकडे ढकलते. जुन्या वाढलेल्या साखरेमुळे त्याच्यावरच्या खुणा पुसल्या गेल्या होत्या आणि १६-१७ वर्षांनंतरही त्या पुसलेल्याच होत्या. मिशिगनमध्ये कॅथरिन गॅलॅगर यांच्या गटाने मधुमेही उंदरांच्या अस्थिमज्जेतल्या मूळ पेशींतही असे बदल दाखवले. त्यांच्यापासून तयार होणाऱ्या महाभक्षी पेशी जखमेत पोचण्याआधीच दाहाच्या बाजूला झुकलेल्या असतात.

म्हणून ‘सध्या साखर थोडी जास्त आहे, पुढच्या वर्षी बघू’ हा हिशेब चुकतो. पुढच्या वर्षी साखर खाली येईल, पण या वर्षीची खूण जनुकांवर राहील. याची उलट बाजूही तितकीच खरी आहे. सुरुवातीची चांगली वर्षेही पेशी दीर्घकाळ लक्षात ठेवतात.

औषधे आणि चपला

मरणाची जनुके कळली, तर ती बंद करणारे औषध का देऊ नये? उंदरांत ते चालते, माणसात त्यात मोठा धोका आहे. हेच नियोजित मरण आपल्याला कर्करोगापासून वाचवते. बिघडलेली पेशी स्वतः मरते म्हणून गाठ होत नाही. महिनोन्‌महिने कॅस्पेज बंद ठेवणे म्हणजे त्या पहाऱ्याला झोपवणे. त्यामुळे जखमेपुरते, काही दिवसांपुरते काम करणारे उपाय शोधले जात आहेत.

जगण्याचा संदेश बाहेरून पुरवणे हा मार्ग मात्र वापरात आलेला आहे. फायब्रोब्लास्टला वाढायला आणि तगायला सांगणाऱ्या पीडीजीएफ या घटकाचे मानवी जनुक यीस्टमध्ये घालून ते प्रथिन तयार करतात. त्याचे मलम अमेरिकेत १९९७ मध्ये मधुमेही पायासाठी मंजूर झाले. वाढीचे घटक असलेली औषधे भारतातही मिळतात. पण ती पूरक आहेत. रक्तपुरवठा तपासला नाही, मेलेले ऊतक काढले नाही, संसर्ग आटोक्यात आणला नाही आणि जखमेवरचा दाब हटवला नाही, तर महाग मलमही वाया जाते.

दाब हटवण्याचा धडा जगाला भारतातूनच मिळाला आहे. १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आलेले शल्यविशारद पॉल ब्रँड कुष्ठरुग्णांवर उपचार करत होते. कुष्ठरोगाने बोटे गळून पडतात, ही त्या काळची समजूत त्यांनी खोडून काढली. पाय बधिर असल्यामुळे एकाच जागी पुन्हा पुन्हा दाब येतो आणि त्याने जखमा होतात, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हेच ज्ञान मधुमेही पायासाठी वापरले. पायाला सर्व बाजूंनी नेमके बसणारे प्लास्टर घातले की दाब वाटला जातो आणि तळव्याची जखम भरू लागते. आज या प्लास्टरला आणि न निघणाऱ्या उंच बुटाला जगभर पहिली पसंती आहे. कुष्ठरुग्णांसाठी भारतात रुळलेल्या मऊ रबराच्या एमसीआर चपला आता मधुमेही माणसे वापरतात. पेशीच्या पातळीवर पाहिले तर हा उपाय मूळ आज्ञेवरच घाव घालतो. दाब थांबला की पेशी ठेचल्या जात नाहीत, दाह उतरतो, टीएनएफ कमी होतो आणि फायब्रोब्लास्टना जगायला अवसर मिळतो.

या सगळ्या संशोधनातून निघणारा निष्कर्ष मला फार दिलासा देणारा वाटतो. मधुमेही पायात बहुतेक जनुके शाबूत असतात. साखर, दाब, जंतू आणि कमी रक्त यांनी त्यांना अवेळी कामाला लावलेले असते. जन्मतः मिळालेली जनुके बदलता येत नाहीत, पण त्यांना कामाला लावणाऱ्या या चारही गोष्टींवर आपला हात चालतो.

वाचकांत ज्यांना मधुमेह आहे, किंवा ज्यांच्या आई-वडिलांना, आजी-आजोबांना तो आहे, त्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे. रोज रात्री दोन्ही पाय उजेडात पाहा, तळवे आरशात पाहा किंवा घरातल्या कुणाला पाहायला सांगा, बोटांच्या बेचक्याही तपासा. चपला-बूट घालण्याआधी हात घालून आत खडा नाही ना, हे पाहा. पाणी किती गरम आहे ते पायाने अजमावू नका, ते दुसऱ्या कुणाला पाहायला सांगा. भोवरी आणि घट्टे ब्लेडने कापू नका. घरातही अनवाणी फिरू नका. वारीला, पदयात्रेला जाणाऱ्यांनी चपलेशिवाय चालण्याचा नेम करू नये. उन्हात तापलेल्या देवळाच्या फरशीवर बधिर पाय भाजतो आणि भाविकाला ते कळतही नाही. वर्षातून एकदा तरी डॉक्टरांकडून दहा ग्रॅम दाब देणाऱ्या नायलॉन तंतूने पायाची संवेदना आणि हाताने पायाची नाडी तपासून घ्या. आणि पायावर जखम दिसली, तर ती दुखत नसली तरी त्याच दिवशी दाखवा. मधुमेहात न दुखणारी जखमच सर्वांत धोक्याची असते.